जाईच्या अंगाचं तेल

विजयालक्ष्मीबाईंच्या घरात ऑलिव्ह ऑइल शिरलं ते विश्वंभररावांच्या हृदयात स्टेंटचा छल्ला बसला त्या साली, आणि एकदा शिरल्यावर त्यानं सगळं घरच ताब्यात घेतलं. डॉक्टरांनी घरी सोडताना एवढंच सांगितलं होतं की तळण सोडा, तूप-डालडा आवरा, आणि जमलं तर ऑलिव्ह ऑइल वापरून बघा. बाईंनी त्यातलं ‘जमलं तर’ कानाआड केलं. दुसऱ्याच दिवशी झाशीच्या मानिक चौकात जाऊन त्या हिरवट तेलाची मोठी बाटली घेऊन आल्या आणि शेंगदाणा तेलाचा डबा कामवालीला देऊन मोकळ्या झाल्या.

मग काय विचारता! फोडणी ऑलिव्हची, थालीपीठ ऑलिव्हवर, कोशिंबिरीवर कच्चं ऑलिव्ह. विश्वंभरराव, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले अबोल गृहस्थ, पहिला घास घेऊन म्हणायचे, “आमटीला आज परदेशी वास येतोय.”

“येऊ दे. तिकडची माणसं नव्वदीतही डोंगर चढतात,” बाई म्हणायच्या. झाशीत त्यांना कुठला डोंगर चढवायचा होता हे विश्वंभररावांनी कधी विचारलं नाही.

पोटातून ते तेल घरभर झालं. टाचांच्या भेगांना तेच, फुटलेल्या ओठांना तेच, शिलाई मशीन कुरकुरलं तर तेच, देवघराचं सागवान पुसायलाही तेच. कानातला मळ घट्ट झाला की कोमट करून दोन थेंब. देवापुढच्या समईत मात्र तिळाचं, कारण देवाला कोलेस्टेरॉल नसतं. पुढच्या तपासणीत विश्वंभररावांचं कोलेस्टेरॉल खाली आलं तेव्हा बाईंनी सगळं श्रेय तेलाला देऊन टाकलं. विश्वंभरराव रोज रात्री जी गोळी घेत होते तिचं नाव कुणी काढलं नाही.

झाशीतली मराठी घरं मोजकीच. काही खंडेराव गेटच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, काही रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळ-अकोल्याहून आलेली. या घरांतल्या बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हटकून एकत्र जमतात. यंदा कुणी चहाच्या गाळण्या वाटल्या, कुणी स्टीलच्या वाट्या, आणि विजयालक्ष्मीबाईंनी वाण म्हणून ऑलिव्ह ऑइलच्या चिमुकल्या बाटल्या वाटल्या, गळ्याशी लाल रिबन बांधून. वर उभं राहून हृदय, त्वचा आणि केस यांवर भाषणही ठोकलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या बाईंच्या कानात पुढे बरेच दिवस वाजत राहिल्या.

त्या बायकांत मयुरा होती. नवरा केयूर रेल्वेत, नुकताच बदलून आलेला. आई आणि सासू दोघी शेकडो मैल लांब, आणि मांडीवर चैतन्य नावाचं तान्हं बाळ. घरात वडीलधारं कुणी नाही म्हणून ती बारीकसारीक गोष्टही विजयालक्ष्मीबाईंना फोन करून विचारायची आणि त्यांचा शब्द कधी खाली पडू द्यायची नाही. अशी ऐकणारी मुलगी आपल्याला सून म्हणून मिळाली असती तर, असं बाईंच्या मनात येऊन जायचं.

त्यांची सून सलोनी झाशीजवळच्या मऊरानीपुरची. मुलाला, सुजयला, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि त्यानं स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं. बाईंनी विरोध केला नाही, आनंदही केला नाही. सलोनी आईशी फोनवर बुंदेली बोलायची, घरात हिंदी. तिच्याशी सगळेच हिंदीत बोलायचे आणि मराठी उरली ती बाकीच्या तिघांत. शिवाय बाईंची धाकटी बहीण बकुळ इंदूरला होती. तिचा रोज सकाळी कामं उरकल्यावर फोन यायचा. बाईंना फोन कानाशी धरायचा कंटाळा, म्हणून तो समोर ठेवून मोठ्या आवाजात दोघी बोलायच्या. सलोनी तिथेच मटार सोलत किंवा तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला कुठे कळतंय! तिच्यासमोर तिच्या जाड पोळ्यांबद्दल बोलून व्हायचं, तिच्या आईनं पाठवलेल्या साडीला पडद्याचं कापड म्हणून व्हायचं. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हासुद्धा बाई म्हणाल्या होत्या, “काय सांगू बकुळ, हिच्या अंगात रामच नाही.” सलोनी पुढ्यात बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची घडी जराही चुकली नव्हती.

मग जाई झाली, दिवाळीच्या तोंडावर, वजनानं जरा कमीच. पण नात मांडीवर आली आणि बाई विरघळल्या. हे खोटं नव्हतं. त्या पोरीवर त्यांचा जीव इतका जडला की विश्वंभरराव गंमतीनं म्हणायचे, आता मला दुसरा छल्ला बसवा, त्याशिवाय हिचं माझ्याकडे लक्ष जायचं नाही. सलोनीची आई मोहरीचं तेल घेऊन आली होती. बाईंनी तिला चहा पाजला, तेल ठेवून घेतलं आणि ती गेल्यावर लोणच्याला वापरून टाकलं. जाईला आंघोळीआधी चोळायचं ते ऑलिव्हच. वाणातली एक लाल रिबनची बाटली तिच्यासाठी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. पौषातल्या थंडीत ते तेल सकाळी गढूळ होऊन गोठायला यायचं. बाई बाटली उन्हात ठेवायच्या आणि ते पुन्हा सोन्यासारखं पातळ होईपर्यंत जाईला शालीत गुंडाळून बसायच्या.

संक्रांतीनंतर जाईच्या गालांवर लाली आली. आधी सगळ्यांना वाटलं, थंडी आहे, गाल फुटलेत. मग कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेच्या वळीत कातडी खरबरीत झाली. पोर रात्र-रात्र डोकं उशीवर घासायची आणि रडून रडून निळी व्हायची. बाईंचा घास घशाखाली उतरेना. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पाहिलं, मलम लिहून दिलं आणि म्हणाले, “फ़िलहाल तेल-मालिश सब बंद.”

घरी आल्यावर सलोनीनं न्हाणीघरातली बाटली उचलली तशी बाई म्हणाल्या, “इसे कहाँ ले जा रही हो?”

“मम्मीजी, डॉक्टर साहब ने तेल मना किया है ना.”

“वो सरसों के लिए कहा है. सरसों गरम होती है. ये तो दवा है, बेटा. जो पेट में चलता है, वो चमड़ी पे नहीं चलेगा?”

“उन्होंने सब तेल कहा, मम्मीजी.”

बाईंनी बाटली तिच्या हातून घेतली. मग त्या जेवल्या नाहीत. दुपारी नाही, रात्रीही नाही. विश्वंभररावांनी समजावलं, सुजयनं समजावलं. बाई डोळे पुसत एवढंच म्हणाल्या की मी काय नातीची वैरीण आहे का, सुजयला वाढवलं ते काय डॉक्टरला विचारून? दुसऱ्या दिवशी सलोनीनंच पुढ्यात ताट आणून ठेवलं आणि म्हणाली, “ठीक है मम्मीजी, जैसा आप कहें. पर थोड़े दिन रुक जाइए.” बाईंनी मान डोलावली. त्या थांबणार नव्हत्या.

सकाळी फोनवर त्यांनी बकुळला सगळं सांगून टाकलं. “अगं, ही बसलीय डॉक्टरचं धरून. मी काय करते, ही दूध गरम करायला गेली की हळूच चार थेंब लावते पोरीला. हिला काय पत्ता लागतोय!”

“बरोबर करतेस ताई,” बकुळचा आवाज खोलीभर घुमला. “आजकालच्या पोरींना मेलं काही कळत नाही.”

सलोनी समोर मेथी निवडत होती. तिनं पानं टोपलीत टाकली, देठं कागदावर सारली आणि उठून गेली.

त्यानंतर जाई बरी होऊ लागली. लाली ओसरली, खरखर कमी झाली, रात्री पोर झोपू लागली. सलोनी डॉक्टरांचं मलम नेमानं लावत होती, पण मलमं काय, सगळेच देतात. बाईंना ठाऊक होतं कुणाचा गुण आला ते. रोज सकाळी आंघोळीआधी त्या खिडकीतली बाटली तळव्यावर उपडी करत आणि पोरीच्या अंगावर हात फिरवत. तेल आता गोठत नव्हतं, थंडी उतरली होती. वासही पूर्वीइतका उग्र येत नव्हता, बाटली जुनी झाली असावी. आणि नवल म्हणजे ती रिकामी होत आली की सलोनीच आपणहून भरून ठेवायची. आली एकदाची वळणावर, असं बाईंना वाटलं. त्या दिवसांत त्या सलोनीशी जरा मायेनं बोलू लागल्या. तिच्या पोळ्याही त्यांना पातळ वाटायला लागल्या.

रथसप्तमीला हळदीकुंकवाची सांगता झाली. सलोनी जाईला घेऊन घरीच राहिली होती. तिथे मयुरा चैतन्यला छातीशी धरून एका कोपऱ्यात बसली होती. चेहरा उतरलेला. चैतन्यच्या गालांवर तीच लाली होती.

“काकू, हे बघा ना. डॉक्टरकडे न्यायचंय, पण ह्यांना सुटीच मिळत नाही. मी मलम आणू का दुकानातून?”

बाईंनी बाळाचा गाल बोटानं पाहिला आणि आसपासच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काही नको. आमच्या जाईला हेच झालं होतं, याहून वाईट. डॉक्टर म्हणाले तेल बंद. मी नाही ऐकलं! ऑलिव्ह लावत राहिले. आज या बघायला घरी, गुलाबाची पाकळी आहे.”

मयुराचा चेहरा उजळला. संक्रांतीची बाटली तिनं जपून ठेवली होती, रिबनसुद्धा सोडली नव्हती.

होळी झाली आणि झाशीचं ऊन तापू लागलं. एका सकाळी बाई जाईला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, सलोनी खाली बसून तिच्या बाळलेण्यांच्या दोऱ्या नीट करत होती, आणि फोन वाजला. बाईंनी नेहमीप्रमाणे तो समोर ठेवून सुरू केला. मयुरा होती.

“काकू, चैतन्यचं काही खरं नाही हो. कालपासून अंगातून पाणी सुटतंय. गालावर पिवळ्या खपल्या धरल्यात. हात लावू देत नाही.”

“तेल लावतेस ना?”

“लावते ना, काकू. तुम्ही म्हणाला होतात म्हणून दिवसातून तीनदा लावते.”

“मग लावत राहा, पोरी. घाबरू नकोस. आतलं सगळं बाहेर पडतंय ते. आधी उफाळतं, मग बसतं. आमच्या जाईचं—”

“नाही, आई.”

बाई थबकल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सलोनी उठून उभी राहिली होती.

“त्यांना असं नका सांगू, आई. तेल बंद करायला सांगा. लगेच डॉक्टरकडे न्यायला सांगा. ते बाळ आजारी आहे.”

शब्द मराठी होते. उच्चार थोडे हिंदीकडे झुकलेले, पण शब्द मराठी होते, आणि ‘मम्मीजी’ नव्हतं, ‘आई’ होतं. बाईंना आधी नुसतं नवल वाटलं. पुढचं कळायला थोडा वेळ लागला.

“जाईला तेलानं बरं नाही वाटलं,” सलोनी म्हणाली. “तुम्ही मावशींना फोनवर सांगितलं, हळूच लावते म्हणून. मी त्याच दिवशी बाटली रिकामी केली. डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, ऑलिव्हनं अशा बाळांची कातडी अजून कच्ची होते. सूर्यफुलाचं थोडं चालेल म्हणाले, लाली उतरल्यावर. मी तेच भरून ठेवलं. पहिले काही दिवस तर तुम्ही लावलेलं मी लगेच आंघोळीत धुऊन काढायची. तुम्ही रोज सूर्यफूल लावत होता, आई.”

“हॅलो? काकू?” फोनमधून मयुरा म्हणाली. “कोण बोलतंय? मला नीट ऐकू नाही आलं.”

बाईंनी फोनकडे पाहिलं. मांडीवरची जाई त्यांच्या बांगडीशी खेळत होती. तिचा हात गुबगुबीत, नितळ.

“मयुरा,” त्या म्हणाल्या, “एकदा डॉक्टरांना दाखवून आण. तुझ्या मनाचं समाधान होईल.”

“आणते. पण तेल लावत राहू ना, काकू? तुमच्या जाईला गुण आला म्हणून तर मी बाकी काहीच नाही केलं.”

सलोनी बाईंकडे पाहत उभी होती. हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका, त्या टाळ्या, रथसप्तमीचा तो मोठा आवाज, सगळं एकदम समोर आलं. आणि सगळ्यात पुढे एका तान्ह्या पोराचा खपल्या धरलेला गाल.

“नको,” त्या म्हणाल्या. “तेल फेकून दे. जाई त्या तेलानं बरी नाही झाली. मलमानं झाली. मी चुकीचं सांगितलं तुला. आत्ता निघ, केयूरची वाट बघू नकोस, रिक्षा कर.”

मग मयुरा म्हणाली, “काकू, मी तुमच्यावर विश्वास ठेवून…” आणि फोन बंद झाला.

बाईंनी फोन उपडा ठेवला. मग विचारलं, “मराठी कधीपासून येतं तुला?”

“लग्नाच्या पहिल्या वर्षापासून.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“तुम्ही माझ्याबद्दल सगळं मराठीतच बोलत होता, आई. शिकावंच लागलं.” सलोनीनं जाईची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. “सुजयना सांगितलं होतं तेलाचं. ते म्हणाले, आईशी कोण वाद घालणार. मीसुद्धा नाही घातला. घालायला पाहिजे होता. बाहेर तुम्ही कुणाला सांगाल असं मला वाटलंच नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्या बाळाला काही झालं तर मलाही लागेल ना.”

पोळ्या, साडी, मऊरानीपुर, मोहरीचं तेल, आणि ते पहिलं मूल. बाईंना एकेक वाक्य आठवत गेलं, आपल्याच आवाजात. कपड्यांच्या त्या घड्या आठवल्या. लाजेनं त्यांचे कान तापले. काही म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण हिंदीत म्हणावं की मराठीत तेच कळेना.

संध्याकाळी केयूरचा निरोप आला. चैतन्यला भरती केलंय, कातडीत जंतू गेलेत, ताप आहे, सलाईन लावलंय. भेटायला येऊ का, असं बाईंनी विचारलं. केयूर नम्रपणे म्हणाला, “आत्ता नको, काकू. मयुराला जरा वेळ द्या.” विश्वंभररावांनी रात्री ताटातला भात नुसता चिवडला. आज आमटीच्या वासाबद्दल ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कामं उरकली आणि रोजच्या वेळेला बकुळचा फोन वाजला. सलोनी हरभरे सोलत बसली होती. तिनं ताट उचललं आणि उभी राहिली.

“तुम्ही बोला,” ती म्हणाली. “मी आत बसते.”

इतक्या वर्षांत फोन वाजला म्हणून ती कधी आत गेली नव्हती. बाईंना ते सहन झालं नाही.

“बस,” त्या मराठीत म्हणाल्या. “इथंच बस, सलोनी.”

फोन सुरू केला तशी बकुळ उत्साहानं सुरू झाली. “ताई, अगं गंमत ऐक. जाईचं तेलाचं आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवेदिताला सांगितलं मी. तिच्या नातवालाही असंच झालंय, अगदी तान्हा आहे. काल जाऊन तीन बाटल्या घेऊन आली. म्हटलं, माझ्या ताईनं डॉक्टरला हरवलंय!”

सलोनीचा हात हरभऱ्यावर थांबला.

“बकुळ,” बाई म्हणाल्या, “आत्ताच्या आत्ता वर जा. त्या बाटल्या तिच्या हातातून घे आणि त्या बाळाला डॉक्टरकडे पाठव. सांग, माझी बहीण चुकली. इथे एक पोर माझ्यामुळे दवाखान्यात पडलंय.”

“काय बोलतेस ताई? मग जाई कशानं बरी झाली?”

“सलोनीनं केली. माझ्या बाटलीतलं तेल बदलून. मी तुला काय सांगितलं ते तिला कळलं होतं.” बाईंनी समोर पाहिलं. सलोनी खाली मान घालून बसली होती. “तिला मराठी येतं, बकुळ. पहिल्यापासून येतं. आपण दोघी जे जे बोललो ते सगळं तिनं ऐकलंय.”

“मी… मी आधी वर जाते,” बकुळ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.